निर्माल्याची बुट्टी

बनशंकरीतल्या आमच्या रस्त्यावर मला ‘कसद टीचर’ म्हणत. कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मी फाटकाशी पोचले की आतून पोरं ओरडत, कसद टीचर आल्या, बादल्या लपवा. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, आई-वडिलांबरोबर राहत होते, आणि चाळिशी ओलांडताना आपण काहीतरी नीट लावून दाखवावं असं मला फार वाटत होतं. जग काही माझ्या हाताशी नव्हतं. आमचा रस्ता होता.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. तोवर रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटची एक मोठी गोल तोट्टी होती. सगळ्यांनी आपापला कचरा तिच्यात टाकायचा, असं म्हणायचं. प्रत्यक्षात तो तिच्या आसपास पडे, आणि गाई नि कुत्री त्याची वाटणी करत. लॉरी तिच्या सवडीने येई. रहिवासी संघाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी, एका रविवारी सगळ्यांना पार्कात बोलावलं आणि तोट्टी काढून टाकायचं ठरलं. एक बाई रोज सकाळी ढकलगाडी घेऊन घरोघर येईल. ओला कचरा पार्काच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जाईल आणि त्याचं खत होईल. सुका कचरा जुना पेपरवाला उचलेल. काच, ब्लेड, फुटके बल्ब घरीच एका पत्र्याच्या डब्यात साठवायचे आणि महिन्यातून एकदा द्यायचे. हे सगळं घरोघर समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला समजावून सांगायची खोडच होती.

मी सहा महिने त्या रस्त्याचं डोकं खाल्लं. करवंटी ओली की सुकी, ह्यावर एका घरात तासभर वाद घातला. दुधाची पाकिटं धुऊन दोरीवर वाळत घालायला लावली, तेव्हा एका म्हाताऱ्या आजोबांनी मला विचारलं होतं, आता इस्त्रीही करायची का? मी हसले नाही. मला चेष्टा कळायची, पण कामाच्या वेळी चेष्टा केलेली खपायची नाही. ज्या घरात शेंगांच्या सालांत पेनाची रिफिल सापडे, त्या घरात मी दुसऱ्या दिवशी ती रिफिल घेऊन हजर होई.

अडचण आली ती देवाच्या फुलांची. रस्त्यावरच्या साऱ्या म्हाताऱ्या, कन्नड काय आणि आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांतल्या काय, एका मुद्द्यावर ठाम होत्या. देवावरून उतरलेलं फूल उष्ट्या-खरकट्यात जाणार नाही. पूर्वी ते विहिरीत जाई किंवा झाडाच्या बुंध्याशी. विहिरी बुजल्या होत्या आणि झाडांभोवती फरशी आली होती. शेवटी तोडगा मीच काढला. प्रत्येक घरात बांबूची एक छोटी बुट्टी ठेवायची, फक्त निर्माल्यासाठी. त्याचा खड्डाही वेगळा, पार्कातल्या पारिजातकाखाली, जिथे कुणाचा पाय पडणार नाही. म्हाताऱ्या खूश झाल्या. मी दारोदार एकच वाक्य सांगत फिरले. देवाधर्माचं जे काही असेल ते ह्या बुट्टीत घाला, त्याची माती होईल. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की घरीसुद्धा मी ते आईसमोर दोन-तीनदा म्हणून दाखवलं.

गाडी ढकलणाऱ्या बाईला सगळे अक्का म्हणत. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनी लहानच असेल, पण अक्काच. बारीक, काटक, कामाला वाघ. दोन मुली शाळेत होत्या आणि त्या तिघींचं घर तिच्या एकटीच्या हातांवर चालत होतं. आमच्या रस्त्याच्या आधी ती बांधकामावर विटा वाहायची. ओला कचरा ती खोऱ्याने ओढी, सुका काठीने चाळून बघे, कारण लोक कितीही शिकवले तरी काय टाकतील त्याचा भरवसा नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. निर्माल्याच्या बुट्टीला मात्र ती खोरं लावत नसे. पारिजातकाखाली जाताना चपला काढून ठेवी आणि ते हाताने काढी. हारांमधला दोरा कुजत नाही, तो खतात तसाच राहतो, असं तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती हार डाव्या हातात धरी आणि उजव्या मुठीतून सर्रकन ओढून दोरा मोकळा करी. फुलं खाली, दोरा बाजूला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी पाहिलं तेव्हा मनात म्हटलं होतं, ही माझ्यापेक्षा हुशार आहे.

त्याच वर्षी माझे वडील गेले. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. दहाव्या दिवशी पहाटे नात्यातल्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि मागच्या अंगणात आईची काकणं फोडली. मी विरोध करायला हवा होता. मी शिकलेली, कमावती, रस्त्याला शिस्त लावणारी, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी राहिले. आईने विरोध केला नाही, म्हणून मीही केला नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. काकणं हिरवी होती, वर सोनेरी टिपके असलेली. ती वडिलांनी दर वर्षी श्रावणात स्वतः बाजारात जाऊन आणलेली असायची, एवढी एक गोष्ट त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवली नाही. फुटलेले तुकडे नदीत सोडायचे अशी आमच्यात रीत. चुलतभाऊ श्रीरंगपट्टणला जाणारच होता. पण त्याच्या हाती द्यायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, मी सोडेन नंतर. तिने ते वडिलांच्या रुमालात बांधले आणि कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवले. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर आई घराबाहेर पडेना. वर्षश्राद्ध होईपर्यंत विधवा बाईने दुसऱ्याच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, हीही आमच्यातली रीत. आपल्या फाटकापर्यंत चालतं. त्यामुळे घरातलं जे तिच्या हाती होतं ते ती फार मन लावून करू लागली, आणि त्यात कचराही आला. ओलं, सुकं, काच, निर्माल्य. तिच्यासारखी विद्यार्थिनी मला शाळेतही मिळाली नाही. चहापत्तीतली वेलचीची सालंसुद्धा ती कुठे टाकायची ते विचारून टाके. जेवण मात्र उतरलं होतं. चार घास खाई आणि पान बाजूला सारी.

चौथ्या मासिकाचं श्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत होते. पार्काकडून ओरडा ऐकू आला. आमचं घर पार्काला लागून, म्हणून मी पहिली पोचले. अक्का पारिजातकाखाली अनवाणी बसली होती आणि उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी आवळून धरला होता. मांडीवर रक्त, फुलांवर रक्त. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “टीचर, मूठ मिटत नाही.” मी ऑटो थांबवली, ओढणीने तिचा हात बांधला आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन बोटांच्या शिरा आतून तुटल्या आहेत. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. जखम भरेल, बोटं वळतील असं नाही.

दुपारी परत आल्यावर मी सरळ खड्ड्याकडे गेले. माझ्यातली शिक्षिका तेव्हाही जागी होती, चूक कुणाची ते शोधायला निघाली होती. शेवंतीच्या हारात, तुळशीत मिसळलेले हिरव्या काचेचे तुकडे पडले होते. एक-दोन नाहीत, ओंजळभर. एक तुकडा उचलून मी उन्हात धरला. त्यावर सोनेरी टिपका होता.

मी घरी आले. आई दुपारची पडली होती. मी कपाट उघडलं, लुगड्यांखाली हात घातला. वडिलांचा रुमाल होता. धुतलेला, चार पदरी घडी घातलेला, रिकामा.

तिथे उभी असतानाच मला सगळं कळलं, आणि ते माझ्याच शब्दांत कळलं. देवाधर्माचं जे काही असेल ते ह्या बुट्टीत. त्याची माती होईल. नदी तिच्यासाठी दूर होती, काचेच्या डब्यात ब्लेडच्या शेजारी ती काकणं टाकणं तिला जमणार नव्हतं. मग तिने ती वडिलांच्या श्राद्धाच्या फुलांत ठेवली. आणि कापड मातीत जात नाही, कापड सुक्यात, हेही मीच शिकवलं होतं, म्हणून गाठ सोडून रुमाल काढून घेतला. तुकडे रुमालात बांधून ठेवले असते तर अक्काला ते दिसले असते. इतकी शहाणी विद्यार्थिनी.

आई उठल्यावर तिने विचारलं, “अक्काला काय झालं गं? सकाळी कसला आवाज होता?”

“काच लागली हाताला,” मी म्हणाले.

“कसली काच?”

“बाटलीची.”

“अग्गबाई. कुणी टाकली?”

“कळलं नाही अजून.”

तुकडे मी आधीच खड्ड्यातून वेचून आणले होते. ते जाड कागदात बांधले, वर पेनाने ‘काच’ असं लिहिलं, तसं लिहायचा आमचा नियमच होता, आणि पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवून दिले.

रविवारी पार्कात सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, हे कुणाच्या घरातलं ते कळलंच पाहिजे, नाहीतर उद्या दुसरी बाई ह्या कामाला येणार नाही. अक्काने सांगितलंच होतं, हिरव्या काकणांची काच. हे ऐकून सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यावरच्या घरात, वरच्या मजल्यावर, चार महिन्यांपूर्वी पुण्याहून एक जोडपं राहायला आलं होतं. दोघंही कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. मुलगी नवी नवरी, हातात कोपराखाली हिरवा चुडा भरलेला. आणि त्यांचा कचरा पहिल्यापासून बदनाम. ओलं-सुकं एकाच पिशवीत, मी तीनदा जाऊन बोलले होते. निर्माल्याची बुट्टी तेवढी ती नेमाने ठेवायची, कारण माहेरहून आणलेला गणपती होता. आता कुणाला काय पाहिजे होतं? हिरवी काच, नवी नवरी, निष्काळजी घर. पाढ्यासारखं उत्तर आलं.

ते दोघं सभेला आले नव्हते. त्यांना कन्नड येत नव्हतं आणि रविवारी ते उशिरा उठत, हाही त्यांचा गुन्हा त्याच सभेत नोंदला गेला.

“टीचर, तुमचं काय म्हणणं?” अध्यक्षांनी विचारलं.

मला ठाऊक होतं काय म्हणायचं. मी तोंड उघडलंही. पण ते म्हणायचं तर काकणं कुठली, कधी फुटली, आमच्या मागच्या अंगणात काय झालं, हे सगळं त्या बाकांवरच्या माणसांपुढे काढावं लागणार होतं. आईचं दुःख असं चव्हाट्यावर आणायचं का? हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते खोटं नव्हतं. पण ते सगळं खरंही नव्हतं. ज्या घराने अख्ख्या रस्त्याला शिकवलं त्याच घरातून ही काच आली, हे माझ्या तोंडून निघेना.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

अध्यक्ष संध्याकाळी त्या जोडप्याकडे जाऊन आले. काय बोलले मला ठाऊक नाही. ठरलं एवढंच की त्या घरचा कचरा आता गाडी घेणार नाही, त्यांनी आपली पिशवी आपण मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावी. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला निघाले की ती मुलगी ऑफिसचे कपडे घालून, हातात पिशवी अंगापासून लांब धरून चालताना दिसे. माझ्याकडे बघून ओळखीचं हसायचा प्रयत्न करी. मी घड्याळ बघून पाय उचले.

अक्का दहा दिवसांनी परत आली. संघात काही जण म्हणत होते की आता तिच्याने होणार नाही, दुसरी बघू या. ह्यावर मात्र मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले, आणि ती राहिली. तिच्या घराची भाकरी त्या गाडीवर होती, हे मी सगळ्यांना दहादा ऐकवलं. लोकांना वाटलं, टीचरचं मन मोठं आहे.

त्या सकाळी आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मी ओसरीवर वह्या तपासत होते. गाडीची घंटा वाजली तशी आईच बादली घेऊन फाटकाशी गेली. मला उठायला हवं होतं हे मला फार उशिरा सुचलं.

“कसा आहे हात?” आईने कन्नडमध्ये विचारलं. तिचं कन्नड माझ्यापेक्षा गोड होतं.

अक्काने पट्टी बांधलेला हात वर केला. “अंगठा चालतो अम्मा. ही दोन वळत नाहीत. डाव्या हाताने ढकलते.”

“बाटल्यासुद्धा कसल्या टाकतात लोक.”

“बाटली कुठली, अम्मा? बळे होती. हिरवी गाजिन बळे. फुलांमध्ये.”

गाजिन बळे म्हणजे काचेची काकणं.  आईने बादली खाली ठेवली. मी ओसरीवरून बघत होते, आणि मला तिची फक्त पाठ दिसत होती. मग तिने आपले दोन्ही हात पुढे केले, रिकामी मनगटं अक्कासमोर धरली आणि म्हणाली, “ती माझी होती.”

अक्का त्या मनगटांकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला नाही. आमच्या घरी कोण गेलं हे तिला ठाऊक होतं, तेव्हाच्या दहा दिवसांत तिने आमची बादली स्वतः आत येऊन नेली होती.

“मला वाटलं माती होईल,” आई म्हणाली. “तुझा हात जाईल हे मनात आलं नाही गं.” आणि ती वाकली. अक्काच्या पायांपर्यंत तिचा हात जाणार होता, तेवढ्यात अक्का चटकन मागे सरली आणि चांगल्या हाताने तिचा खांदा धरला.

“परवागिल्ला अम्मा,” ती म्हणाली. काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ. पण तिचा आवाज फुटला, आणि हरकत नव्हती असं त्या आवाजात मुळीच नव्हतं. ती फाटकाला टेकून रडली. दवाखान्यात रडली नव्हती. मग तिने सवयीने बादली उचलायला हात पुढे केला, आणि आईने ती तिला उचलू दिली नाही. स्वतः फाटकाबाहेर गेली आणि स्वतः गाडीत रिकामी केली. त्या दिवसापासून अक्का आमच्या रस्त्यावर होती तोपर्यंत, म्हणजे आणखी दोनेक वर्षं, आमची बादली आईनेच रिकामी केली. निर्माल्यातला दोराही ती घरीच ओढून काढी. अक्काची ती दोन बोटं शेवटपर्यंत वळली नाहीत.

आई आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“तुला ठाऊक होतं?”

मी वही मिटली. “हो.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून.”

“मग मला बाटली का म्हणालीस?”

“तुला त्रास होईल म्हणून.”

“अगं, ते माझं होतं,” आई म्हणाली. “माझ्या हातून झालं ते. मला सांगायचं होतंस तू. दहा दिवस ती बाई घरी पडून, आणि मी इथे देवापुढे बसून तिला बरं वाटू दे म्हणत्ये. काय म्हणाला असेल तो देव मला?”  मग म्हणाली, “काच वाळूपासून होते ना? तूच मुलांना शिकवताना ऐकलं होतं मी. म्हटलं, वाळूची आहे, वाळूत मिसळेल. वर त्यांची फुलं. चांगलं होईल असं वाटलं.”

मला तिच्यासमोर रडता आलं नाही. रडायचा हक्क आपण घालवला आहे असं वाटलं.

त्या पुण्याच्या मुलीबद्दल आईला ठाऊक होतं. बाया फाटकाशी येऊन बोलायच्या, त्यातून काच तिची एवढं कानावर आलं होतं, काकणांचं नाव मात्र आईपुढे कुणी काढलं नव्हतं. पण बाटली म्हटल्यावर तिने त्यात लक्ष घातलं नव्हतं. आता तिने ते जोडलं.

“त्या पोरीवर उगाच आळ आला,” ती म्हणाली. “तिच्याकडे मीच जायला हवं. पण माझं वर्ष सरलं नाही. नव्या संसाराच्या घरी मी अशी पाय टाकू? तिला अपशकुन व्हायचा. तू जा. सरळ सांग, माझ्या आईची काकणं होती. मग अध्यक्षांना सांग. आत्ता जा, शाळा राहू दे स्वल्प.”

मी गेले. तेवढ्या चालीत मी वाक्यं जुळवली होती. आधी काय, मग काय. दार त्या मुलीनेच उघडलं. मागे खोलीत पुठ्ठ्याची खोकी पडली होती. घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितली आहे, असं ती म्हणाली. राजाजीनगरला घर मिळालं होतं. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

“काकू, बरं झालं तुम्ही आलात. आय वॉज गोइंग टू कम. मला सॉरी म्हणायचं होतं. त्या बाईंना कसं भेटू कळत नाहीये, लँग्वेज पण नाही.” तिचा चुडा आता निम्मा उरला होता. “माझ्या बांगड्या त्या वीकमध्ये फुटल्या होत्या, दोन-तीन. मी कुठे टाकल्या आठवतच नाहीये. हा म्हणतो की डस्टबिनमध्येच. पण सकाळी घाईत मी फुलांमध्ये टाकल्या असतील ना? टाकल्याच असणार. मला झोप येत नाही काकू. एखाद्याचा हात... तिचं सगळं कामच हाताचं ना?”

तिचे डोळे भरले होते. मी तिच्यासमोर बसले होते, आणि जे सांगायला आले होते ते एका वाक्याचं काम होतं. आईचं वाक्य तयारच होतं, मला फक्त उच्चारायचं होतं. पण ही मुलगी कबूल करत होती. न केलेलं कबूल करत होती, मोकळेपणाने, जे मला केलेलं कबूल करता आलं नाही. त्या वेळी मला तिचा राग आला, हे मी आज पहिल्यांदा लिहीत आहे. वाटलं, ही जाणारच आहे. राजाजीनगर कुठे, बनशंकरी कुठे. महिनाभरात विसरेल.

“होतं असं,” मी म्हणाले. “मनाला लावून नको घेऊस.”

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. “थँक यू काकू,” ती म्हणाली. मी अध्यक्षांकडे गेले नाही.

ती आता पन्नाशीच्या आसपास असेल. कुठल्या शहरात, कुठल्या देशात, मला ठाऊक नाही. कदाचित विसरली असेल. पण ज्या मुलीला आठवडाभर झोप लागत नव्हती, ती विसरली असेल असं मला वाटत नाही. आपल्यामुळे एका बाईची बोटं गेली, हे ती अजून कुठेतरी वागवत असेल. तिला तसं वाटू देणारी मी आहे. आई नाही, ती काच नाही, मी.

घरी आले तेव्हा आई पानं घेऊन बसली होती. शाळेची वेळ टळली होती.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. हलकं वाटलं तिला.”

आई माझ्याकडे बघत होती. मी पानाकडे बघत होते.

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “बरं झालं बाई. माझ्या मागे कुणाचा तळतळाट नको.” तिने मला भात वाढला, स्वतःला वाढला, वर सारू घेतलं. मग पुन्हा भात घेतला. वडील गेल्यानंतर त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.